याबोमने न कळवलेली मुलगी

याबोम कारग्बोला मी तीस वर्षं ओळखते, आणि त्यातली निम्मी तिच्याशी भांडण्यात गेली. लंडनच्या पेकहॅम भागातल्या आम्हा सिएरा लिओनच्या माकेनीकरांत तिच्याइतकी हट्टी बाई दुसरी नाही. हॉस्पिटलात साफसफाईचं काम करते, पण ओल्या फरशीवर मोठ्या डॉक्टरांनाही पाय ठेवू देत नाही.

लहानपणी ती तिकडे राजधानीत, फ्रीटाउनला, एका परक्या घरी वाढली. आमच्याकडे त्यात विशेष काही नाही. शाळा बरी मिळावी म्हणून, किंवा नुसता घरोबा राहावा म्हणूनही, लोक आपलं मूल दुसऱ्याच्या घरी वाढायला ठेवतात. पण त्या घरची मालकीण पाहुणा आला की याबोमला मुद्दाम बोलावून सांगायची, "ही आमची नव्हे हं. नुसती वाढवतोय." हे तिने नऊ वर्षं ऐकलं. पुढे तिला स्वतःचं मूल झालं नाही, पण आपल्या घरात कुठल्याही मुलाबद्दल हे वाक्य बोलायचं नाही, हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

गेल्या वर्षी आमच्याच गावची कादी, तिची आई अंथरुणाला खिळली म्हणून, माकेनीला परत गेली. मुलीची शाळा बुडायला नको, म्हणून दहा वर्षांच्या मबिंतीला तिने याबोमकडे ठेवलं. याबोमने शाळेच्या फॉर्मवर 'मुलीशी नातं' या रकान्यात सरळ 'आई' लिहिलं. मबिंतीलाही तिने स्वतःला मम्मी म्हणायला लावलं. कादी तीन महिन्यांत यायची होती, पण अकरा महिने झाले तरी तिला आजारी आईला सोडून निघता येईना.

मग मबिंतीच्या टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलं. याबोम संमतीचा कागद घेऊन माझ्याकडे आली, कारण इंग्रजी कागद ती आधी माझ्याकडून वाचून घेते.

"इथे आईची सही हवी," मी म्हटलं.

"मग पेन दे."

"कादीची सही, याबोम."

"कादी काय सही करायला उडत येणार आहे?"

मी मबिंतीच्याच शाळेच्या स्वयंपाकघरात सतरा वर्षं काम करते, आणि असल्या नियमांचं प्रशिक्षण आम्हा जेवण वाढणाऱ्या बायकांनाही देतात. जवळचं नातं नसलेल्या घरी मूल अठ्ठावीस दिवस किंवा जास्त राहणार असेल, तर कौन्सिलच्या समाजसेवा खात्याला कळवावंच लागतं. न कळवणं गुन्हा आहे. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी मी तोंड शिवून बसले होते. आपल्या माणसाला सरकारी दारात उभं करायचं नाही, ही आमची जुनी खोड, आणि तिची लाज मला अजून वाटते. त्या दिवशी मात्र मी तिला सगळं सांगितलं.

"मी काय कुणाचं पोर चोरलंय?" याबोम म्हणाली.

"नाही. पण कळवलंही नाहीस."

"काय कळवू? ही माझी नव्हे, असं?"

"हो. तेवढंच सांगायचंय."

"घेऊन जातील गं तिला."

"खोटी सही केलीस तर आधी नेतील."

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी आली आणि म्हणाली, "लाव फोन. पण ते वाक्य तू बोल." मी साफ नाही म्हटलं, माझाही स्वभाव काही गोड नाही. शेवटी तिनेच भिंतीकडे तोंड करून सांगितलं, "मुलगी माझ्याकडे राहते. मी तिची आई नाही." फोन ठेवला आणि माझ्या सिंकमधला घासलेला टोप पुन्हा घासत बसली.

आठवड्याच्या आत जोआन नावाची समाजसेविका आली. तिने मबिंतीची खोली पाहिली, कादीशी फोनवर बोलली, ऑपरेशनची संमती तिच्याकडून लेखी मागवली. मग मबिंतीशी एकटीने बोलायचंय म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं. याबोम माझा हात घट्ट धरून बसली. बोटं दुखायला लागली, पण मी हात सोडवला नाही.

बाहेर आल्यावर जोआनने आधी तिला चांगलं सुनावलं, की हे अकरा महिन्यांपूर्वीच कळवायला हवं होतं. याबोमने मान खाली घालून ऐकून घेतलं. मग जोआन म्हणाली, मुलीला इथेच राहायचंय, मलाही त्यात अडचण दिसत नाही, मी अधूनमधून येऊन बघत जाईन. ती गेली आणि याबोम सोफ्यावर बसली.

मबिंती तिच्या शेजारी येऊन बसली. "मग आता सगळ्यांना कळलं ना, मी तुझी नाही ते?"

याबोमचा चेहरा पडला. "कळलं," ती कशीबशी म्हणाली.

"मग आता आईची आठवण आली तर मी इथे बसून रडू? बाथरूममध्ये नळ सोडून रडायचं म्हणजे पाय फार गार पडतात."

याबोमने मबिंतीचे दोन्ही पाय आपल्या मांडीवर ओढून घेतले आणि तळवे चोळायला लागली.

"रड," ती म्हणाली. "कादीचं नाव घेऊन रड."