आईचा उजवा खांदा

कंटाळवाणा फोटो असा नसतोच, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगत आले. काढणाऱ्याला कंटाळा आलेला असतो, एवढंच. कडेची अडगळ कापा, उजेड एका बाजूनं येऊ द्या, माणूस जिकडे बघतोय तिकडे थोडी मोकळी जागा सोडा. ग्वाल्हेरातल्या निम्म्या नातेवाइकांच्या मुंजी-बारशांचे फोटो माझ्या कॉम्प्युटरवर येऊन उजळून गेलेत. मला कौतुकाची हाव आहे, ते मी लपवत नाही.

आई गेल्या हिवाळ्यात गेली. तेराव्याला ठेवायला तिचा फोटो शोधला, तर धड एकही नाही. नेहमी कुणाच्या तरी मागे, नाहीतर वाढायला वाकलेली. शेवटी एक सापडला, हजीरा भागात राहणाऱ्या मावशीकडच्या मुंजीतला. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलीय, शेजारी भलामोठा कूलर, मागे पिवळट भिंत, ट्यूबलाइटखाली चेहरा अगदी पेजेसारखा फिका. नजर कॅमेऱ्याकडे नाही, बाजूला कुठंतरी. इतका मरगळलेला फोटो, की मला तिचाच राग आला. जन्मात एकदा तरी नीट बसायचंस ना, आई.

मी कंबर कसली. कूलर उडवला, खुर्ची उडवली, भिंतीच्या जागी गडद हिरवा रंग आणला. गालांवर ऊब आली. दोन्ही डोळ्यांत उजेडाचा एकेक ठिपका ठेवला. राहिली एकच अडचण. बैठकीत जिथं फोटो लावायचा, तिथून तिची नजर दाराकडे गेली असती आणि बाबांच्या खुर्चीकडे पाठ झाली असती. ते मला सहन होईना. मग मी फोटो उलटा केला, आरशात दिसतो तसा. आता आई थेट बाबांकडे बघत होती.

तेराव्याला मावशीनं डोळ्याला पदर लावला. म्हणाली, "किती सुंदर दिसतेय गं. एकदम वेगळीच." वेगळीच हा शब्द मी खुशाल कौतुक म्हणून घेतला.

बाबांचं विसरणं आई असतानाच सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग माणसांची नावं, मग किला गेटहून घरी यायचा रस्ता. आई हात धरून आणायची. ती गेल्यावर मला एकच धास्ती लागली होती: हे आता तिलाच विसरले तर? फोटो एवढा मोठा करून घेतला तो त्यासाठीच.

पण फोटो लागल्यापासून बाबा बैठकीत बनियनवर येईनासे झाले. सदरा घालायचे, गळ्यापर्यंत बटणं लावायचे आणि खुर्चीच्या टोकावर अवघडून बसायचे. एका दुपारी मी चहा घेऊन आले, तर फोटोकडे बघून अगदी अदबीनं म्हणत होते, "बैठिए, बैठिए. वो बस आती ही होंगी."

बाबा आईशी कधीच हिंदी बोलले नव्हते. दूधवाला, शेजार, ऑफिस, सगळीकडे हिंदी. रागावले की मीही हिंदीवर घसरते. पण त्या दोघांची भांडणंसुद्धा मराठीतच व्हायची.

"बाबा, कोणाशी बोलताय?"

"हळू बोल. त्या कधीच्या बसल्या आहेत, तुझ्या आईची वाट बघत. चाय तरी विचार त्यांना."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. तरीही त्या दिवसापासून आमच्या घरात कुणीतरी बसलेलं असायचं. बैठकीतून जाताना माझा हात आपोआप ओढणीकडे जायचा. स्वयंपाकघरात असले तरी पाठीला कळायचं, की ते दोन ठिपके तिकडे चमकताहेत. मीच ठेवलेले ठिपके. तिन्हीसांजेला दिवा लावायला त्या खोलीत जायचं मी टाळू लागले. आणि सगळ्यात भीती कशाची, तर बाबांना ती कोण ते कळत नव्हतं, आणि हळूहळू मलाही कळेनासं झालं होतं. डोळे मिटले की हिरव्या रंगापुढची तीच दिसायची. माझी आई कुठं गेली?

एकदा शेजारच्या काकू प्रसाद द्यायला आल्या आणि नेमक्या त्या फोटोखाली बसल्या. त्यांचा सीधा पल्ला, पदर उजव्या खांद्यावर. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग फोटोकडे पाहिलं, आणि विचारलं, "आपकी बहन हैं?"

तेव्हा मला दिसलं. मी उलट्या केलेल्या फोटोत आईचा पदर उजव्या खांद्यावर होता.

दक्षिणेतून, म्हणजे महाराष्ट्रातून, आमचं घराणं इथं आल्याला पिढ्या उलटल्या. आई इथंच जन्मली. आजूबाजूच्या साऱ्या बायका सीधा पल्ला घेणाऱ्या, पण हिचा पदर कायम डाव्या खांद्यावर. लग्नाकार्यात शेजारणी मागे लागायच्या, एकदा आमच्यासारखी नेस. ती हसून म्हणायची, "नको गं बाई. हे दुसऱ्याच बाईचा हात धरून घरी जातील."

मी मूळ फोटो मोठा करून घ्यायला सिटी सेंटरमधल्या फोटोच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मैडम, थोड़ा ब्राइट कर दूँ? बहुत डल है."

"हाथ भी मत लगाना," मी इतक्या जोरात म्हणाले, की तो बिचारा मागे सरकला.

त्याच खिळ्यावर तो लावला. कूलर, खुर्ची, पिवळी भिंत आणि बाबांच्या खुर्चीकडे पाठ करून दाराकडे बघणारी आई. बाबा दुपारची झोप काढून तसेच बनियनवर बाहेर आले आणि मध्येच थांबले. बराच वेळ बघत राहिले.

"कुठं होतीस गं?" ते मराठीत खेकसले. "त्या बाई वाट बघून बघून गेल्या."

मग खुर्ची ओढत दाराच्या बाजूला नेली, तिच्या नजरेसमोर, आणि टेकून बसले. मी तोंडावर ओढणी दाबून रडले. थोड्या वेळानं त्यांनी मला विचारलं, "जाताना त्यांना कुंकू लावलंस ना?"

मी हो म्हणाले. ती हिरवी तसबीर कपाटामागे आहे, भिंतीकडे तोंड करून. चेहरा आईचाच आहे, टाकवत नाही. आणि तिला अजून कुणी सांगितलेलं नाही, की जिची ती वाट बघतेय ती बाई परत आली.