सोनबांधच्या हिरोला पाणी कुणी पाजलं?

"सूनबाई, उद्या सोनबांधले जाऊन येऊ. पाटलीनबाईले एक गोष्ट इचाराची हाये," सासूबाई म्हणाल्या, आणि पेपरामागून माझे यजमान हसले. आमची सहल ठरली ती अशी. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि आम्ही जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये राहत होतो.

सोनबांध हे साकोलीच्या पुढचं, तलावाकाठचं छोटंसं गाव. सासूबाईंचं माहेरही तिथलं, सासरही तिथलं. घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तलावावर एका हिंदी सिनेमाचं शूटिंग झालं. सासूबाई तेव्हा नव्या नवरी. सिनेमाचा नायक फार मोठा नट. आमच्या घरी त्याला नुसतं 'हिरो' म्हणत, म्हणून इथेही तेच म्हणते. भर दुपारी हा हिरो एकटाच आपल्या दारात आला आणि आपण त्याला पाणी पाजलं, असं सासूबाई सांगत. घरात कुणाला ते खरं वाटत नसे. "हो माय, अन् मंग त्यानं तुले हिरोईन केलं," इति यजमान.

आता बातमी आली होती, की सोनबांधच्या पाटलांनी हिरोचं संग्रहालय उघडलंय, आणि तिथल्या पाटीवर पाणी पाजण्याचा मान पाटलीणबाईंना दिलाय. सासूबाई दोन दिवस कुणाशी नीट बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी वरचं वाक्य आलं.

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेली. सिनेमाच्या पोस्टरसमोरून जाताना सिस्टर आम्हाला मान खाली घालायला लावायच्या. त्यामुळे अख्खं संग्रहालय बघायला मिळणार म्हटल्यावर मी सासूबाईंच्या आधी तयार.

फॅक्टरीच्या बसने भंडाऱ्याला उतरलो. एसटीला वेळ होता, म्हणून पितळी भांड्यांच्या दुकानांवरून एक चक्कर. (तुम्हीही मारा. पण घेणं येताना. जाताना घेतलेली कळशी दिवसभर मांडीवर बसते, हा स्वानुभव.) स्टँडवर गरम आलुबोंडा आणि जरा जास्तच गोड चहा. मग साकोलीकडची गाडी. दिवाळी नुकतीच झाली होती. दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालू, आणि खिडकीतून त्या कापलेल्या धानाचा ओलसर, गोडसर वास.

"मावशी, कुठी?" कंडक्टरनं विचारलं.

"सोनबांध फाटा."

"म्युझियम पाह्याले जाऊन राहिल्या का? हिरोचा टावेल हाये म्हन्ते तिथी."

"टावेल नाही पाह्याचा मले. पाटी पाह्याची हाये," सासूबाई म्हणाल्या. बिचाऱ्यानं तिकीट फाडलं.

फाट्यापासून एका बैलबंडीवाल्यानं पेंढ्यांवर बसवून नेलं. बांधाचा चढ संपला आणि तलाव एकदम समोर आला. मी इतकं पाणी आणि इतकी कमळं एका जागी कधी पाहिली नव्हती. काठावर एक बाई उकडलेले शिंगाडे विकत होती. ते जरूर खा. मात्र नखं काळी होतात, तेवढी तयारी ठेवा.

संग्रहालय पाटलांच्या धानाच्या कोठीत होतं. दारात चार आणे घेऊन स्वतः पाटलीणबाई आत सोडत होत्या. सासूबाईंचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, त्यामुळे त्यांना ओळख पटली नाही. आत पोस्टर, हिरोची वेताची खुर्ची ('बसू नये'), हिरोची छत्री, तो प्रसिद्ध टॉवेल, आणि काचेच्या पेटीत एक चकचकीत पितळी गडवा, म्हणजे तांब्या. वर रंगवलेली पाटी: 'याच गडव्याने पाटलीणबाईंनी नायकाची तहान भागवली.'

पाटलीणबाईंनी पाठ केलेलं सुरू केलं. "ऊन असं तापलं होतं बाप्पा! हिरो ओसरीवर आला. म्हने, माताजी, पानी. मी गडवा भरला, अन् यानं घटाघटा..."

"अन् मिशी कोनी धरली?" सासूबाई.

"कोनाची मिशी?"

"हिरोची. खोटी होती ना! घामानं अर्धी लोंबून राहिली होती. एका हातानं मिशी धरली त्यानं, दुसऱ्या हातानं गडवा. तुमच्या ओसरीवर धरली नसन तं माहीत नाही."

पाटलीणबाई जवळ आल्या. पदराआड डोकावल्या. "भागरता, तू?"

मी भांडणाच्या तयारीने पर्स घट्ट धरली. पण पाटलीणबाई मटकन 'बसू नये'वर बसल्या.

"मी तं तवा माहेरी होती व, बाळंतपनाले," त्या हळूच म्हणाल्या. "सबन गावानं पाह्यला त्याले. मीच नाही पाह्यला. वापस आली तं नुसती ही खुर्ची." मग त्यांनी विचारलं, "कसा होता व तो? सांग ना."

"आधी पाटी."

"पोरगा चिडन माहा. त्यानंच रंगवली हाये."

"चिडू दे."

पाटलीणबाई उठल्या. खिळ्यावरची पाटी काढली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली. मग सासूबाईंनी सांगितलं. हिरोच्या गालावर पावडरचे ओघळ होते. पाय भाजत होते म्हणून तो नाचत होता. "मी म्हटलं, आमचं पानी चालन का तुमाले? तो म्हने, पहले पिलाओ. मी सवयीनं वरून धार धरली, तं त्यानं ओंजळच नाही केली. गडवा घेतला हातातून अन् तोंडाले लावला."

पाटलीणबाईंनी पेटीतल्या गडव्याकडे पाहिलं. वरून धार म्हणजे काय, हे त्यांच्या ओसरीइतकं गावात कुणाला ठाऊक होतं? लहानपणी सासूबाई त्या ओसरीखाली उभ्या राहून, ओंजळ करून पाणी प्यायल्या होत्या. हे मला त्यांनी घरी आल्यावर सांगितलं, तेही कणीक मळता मळता.

"खूप दुरून आली तू. पानी देतो," पाटलीणबाई म्हणाल्या, आणि काचेची पेटी उघडून तोच गडवा घेऊन आत गेल्या. भरून आणला आणि सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाईंनी तो तोंडाला लावला, सावकाश रिकामा केला आणि पदरानं ओठ पुसले.

"चाला," त्या म्हणाल्या, "आता कोनी तरी खरंच पेलं याच्यातून."

दोघी इतक्या हसल्या, की शिंगाडेवाली आत डोकावून गेली. निघताना गोंदियाचं एक कुटुंब तिकिटं काढत होतं. पाटलीणबाईंनी सवयीनं तोंड उघडलं, थांबल्या, आणि सासूबाईंकडे बोट दाखवलं. "या बाईनं पाजलं. इलेच इचारा." आमची बस चुकली. पुढची फार उशिरानं मिळाली, आणि उभ्यानं यावं लागलं.

गेली कितीतरी वर्षं मी सोनबांधला गेलेले नाही. तिथं आता काय आहे, विचारू नका. तलाव असेल, तेवढं पुरे. त्यानंतर मी मोठमोठी संग्रहालयं पाहिली, पण काचेआडची वस्तू बाहेर काढून पाहुण्याला पाणी देणारं दुसरं भेटलं नाही.

यजमानांना मी सगळं सांगितलं. या खेपेला ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी फॅक्टरीच्या बसमध्ये त्यांनी मोठ्या अभिमानानं ती गोष्ट मित्रांना सांगितली आणि संध्याकाळी फणफणत घरी आले.

"माय, कोनी मानूनच नाही राहिलं!"

"सबूर कर बाबा," सासूबाई म्हणाल्या. "मले तं तुह्या वयाएवढा टाइम लागला."