पंखा पडला त्या दिवसाची डिस्क

आमच्या दादाला घरात सगळे ‘जुनाट’ म्हणतात. त्याचं गेमचं दुकान आहे. भिंतीपलीकडे माझं शिवणकाम. गेमचं अपडेट आलं की बाकीचे दुकानदार ते डोळे झाकून घेतात. हा पठ्ठ्या आधी जुन्या गेमची नक्कल डिस्कवर उतरवतो, मगच अपडेटला हात लावतो. का, असं विचारलं तर म्हणतो, "असू दे." बरं, डिस्कवर नीट तारीख तरी लिहावी! नाही. त्या दिवशी घरात जे घडलं असेल ते लिहितो. ‘धाकटीचं ऑपरेशन.’ ‘पंखा पडला.’ ‘सासरे आले.’ धाकटी म्हणजे मी. त्याचं कपाट उघडलं की आमच्या घरादाराचे सगळे भोग एका ओळीत दिसतात.

त्याच्याकडे एक टेलिफोन ऑपरेटरबाई यायच्या. जन्मापासून दृष्टी नाही. ऑफिस सुटलं की हेडफोन लावून गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायच्या. इंजिनाचा आवाज भिंतीवर आपटून कसा परत येतो, त्यावरून त्यांना वळण कळायचं. चांगल्या डोळ्यांची कॉलेजची पोरं त्यांच्यापुढे हात टेकायची. "दिवसभर लोक मला सांभाळून घेतात," त्या मला एकदा म्हणाल्या. "इथे कोणी घेत नाही. म्हणून येते."

मग मोठं अपडेट आलं. चित्रं झकास झाली आणि कंपनीने सगळे आवाज बदलून टाकले. वर ढणाढण संगीत. ते बंद केलं तरी भिंत काही बोलेना. बाई पहिल्याच वळणावर आपटल्या. पुन्हा आपटल्या. एका पोराला दया आली, त्याने आपली गाडी हळू केली. ते मात्र बाईंना बरोबर कळलं. त्यांनी हेडफोन काढून ठेवला.

"आता मी नाही यायची," त्या म्हणाल्या.

दादाचा चेहरा एवढासा झाला. "ताई, उद्या एकदाच या. नाही जमलं तर नका येऊ."

त्याने एका कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर उपटली, म्हणजे अपडेट पुन्हा आत घुसायला नको. पण हे अपडेट बाई मध्ये आल्या नव्हत्या त्या दिवसांत तुकड्यातुकड्यांनी आलं होतं. कोणत्या डिस्कवर आवाज शाबूत आहेत, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांत अलीकडची, सासऱ्यांची डिस्क चढवली. बाई आपटल्या.

"ही ती नाही," म्हणत त्या पर्स शोधू लागल्या.

दादाला घाम फुटला. "ताई, गाडी झकास चालायची तेव्हाचं काही आठवतं का?"

"माझी दाढ काढली ना, त्या आठवड्यात मी सगळ्यांना हरवलं होतं. गाल हा एवढा सुजलेला!"

मी दारातूनच ओरडले, "अरे, तो गाल मी पाहिलाय! ड्रेसचं माप द्यायला आल्या होत्या. ऑपरेशननंतर मी हातात घेतलेलं पहिलं काम ते."

"आणि पंखा?" दादाने विचारलं.

"तो ड्रेस इस्त्री करत होते तेव्हाच तर पडला!"

दादा कपाटाकडे धावला. मी त्याला स्वतःच्या लग्नातसुद्धा धावताना पाहिलं नव्हतं.

पंख्याची डिस्क चढली. बाईंनी हेडफोन लावला. पहिलं वळण आलं आणि दादाने डोळे घट्ट मिटून घेतले. वळण गेलं. दुसरंही गेलं. या माणसाला मी इतकी वर्षं चिडवत आले आणि आज त्याचा अभिमान कुठे ठेवू असं झालं. शर्यत संपवून बाईंनी खुर्ची नीट पुढे ओढली.

"चला, समोर कोण बसतंय? आणि गाडी हळू करायची नाही."

पोरं एकमेकांना पुढे ढकलू लागली. तेव्हा जन्मात कधी न खेळणारा दादाच पुढे झाला आणि दुसरा कंट्रोलर उचलून बसला. जीव तोडून गाडी हाकली त्याने. तरी अख्खी फेरी मागे पडला. सगळं दुकान त्याला हसत होतं, बाई सगळ्यांत मोठ्याने. दादाने बाहीने डोळे पुसले आणि म्हणाला, "ताई, पुन्हा एकदा हरवा."