बोटीत बसून बघ

तांडेलांना डावं-उजवं विचारायची सोय नव्हती. आपल्याकडे अरुंद जागेतून ट्रॅक्टर पुढे काढताना समोर उभा राहणारा माणूस स्वतःची बाजू ओरडतो आणि ड्रायव्हरही तसंच धरून चालतो. तांडेल ड्रायव्हरकडे तोंड करून उभे राहायचे आणि ओरडायचे मात्र ड्रायव्हरची बाजू. अशानं एकदा आमच्याच गोठ्याची भिंत पडली. ड्रायव्हर कपाळाला हात लावून बसला, म्हशी बिथरल्या, पण तांडेल जागचे हलले नाहीत. "डावं-उजवं आपलं नसतंय," ते म्हणाले. "ज्याला वळायचं हाय त्येचं असतंय." पडलेल्या विटा नंतर त्यांनी स्वतःच गोळा केल्या, पण चूक झाली असं काही तोंडातून काढलं नाही.

हे माझे सासरे. समोर मी त्यांना मामा म्हणायची. माघारी मात्र सगळ्या गावासारखंच तांडेल. आमचं गाव शिरूर कासारच्या पुढे. ओढ्याला पाणी दिसलं तर लोक ते बघायला जातात, अशा गावात तांडेल कुठून आला असं कुणीही विचारेल. तरणेपणी ते ऊसतोडीच्या टोळीतून पळाले, मिळेल त्या ट्रकमध्ये बसत एका बंदरावर पोचले आणि टगवर खलाशी म्हणून चिकटले, पुढे तांडेल म्हणजे खलाशांचे म्होरके झाले. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून, रेटून धक्क्याला लावणारी बुटकी, दणकट बोट. "मोठ्या जहाजाला जाता येतंय पोरी, थांबता येत न्हाई," ते सांगायचे. "थांबवायला आमी लागतो." निवृत्त होऊन गावी आले तेव्हा त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी होती आणि हुकूम सोडायची सवय होती.

ती सवय सगळ्यात जास्त आत्याबाईंना सोसावी लागली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. नवरा बंदरावर असताना त्यांनी जमीन, म्हशी आणि लेकरं एकटीनं सांभाळली होती, त्यामुळे आता कुणी येऊन त्यांना कासरा कसा बांधायचा ते शिकवावं हे त्यांना चालणार नव्हतं. तांडेलांचं ठरलेलं वाक्य होतं, "बोटीत बसून बघ." काहीही वाकडं गेलं की हेच. यावर आत्याबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या, "ह्या माणसानं सारी उमर बोटीत बसून बघितलं. येकदा चुलीपाशी बसून बघितलं असतं तर?" तांडेलांना नेमकं तेव्हाच ऐकू यायचं नाही.

आता बोटीचं सांगते, कारण ती खेळणं म्हणून आली नव्हती. आमच्या मोसंबीला शेततळं आहे. चारी बाजूंनी तीव्र उतार, त्यावर काळा प्लास्टिकचा कागद आणि कागदावर शेवाळ. चांगला पोहणाराही त्यात बुडतो, कारण बाहेर चढता येत नाही. शेजारच्या मळ्यातले बाबूराव असेच त्यांच्या शेततळ्यात गेले. तांडेल धावत पोचले तेव्हा बाबूराव मधोमध हातपाय मारत होते. तांडेलांनी दोर फेकला, तो कमी पडला. पुन्हा फेकला, पुन्हा कमी पडला. सारी उमर दोर फेकण्यात घालवलेला माणूस, आणि त्याच्या डोळ्यांदेखत पाणी शांत झालं. त्या दिवसानंतर त्यांनी आमच्या शेततळ्याच्या चारी उतारांवर गाठी मारलेले दोर सोडले. पण समाधान झालं नाही. "दोर काठाला असतो," ते म्हणाले. "माणूस मधी असतंय."

माझ्या नवऱ्याचं शिरूरला मोबाइलचं दुकान आहे. त्याच्याकडून तांडेलांनी रिमोटवर चालणाऱ्या टगचे सुटे भाग मागवले. फायबरचा सांगाडा, मोटर, पंखा, सुकाणू, सुकाणू फिरवणारी छोटी मोटर आणि तारांचा एक गुंता. दोरी घेऊन मधोमध जाईल अशी बोट त्यांना हवी होती. जोडायला त्यांची बोटं उपयोगाची राहिली नव्हती. दोरांनी ती कायमची वाकडी झाली होती. मी ब्लाऊज शिवते, सुईत दोरा एका फटक्यात ओवते, म्हणून ते काम माझ्यावर आलं. शिलाई मशीन बाजूला सरकवून त्याच टेबलावर बोट बसली.

त्यांच्या हाताखाली काम करणं म्हणजे श्वास रोखून काम करणं. पंख्याच्या दांड्याची नळी ग्रीसनं भरायची, जरा पोकळी राहिली तर "पाणी वाटच बघत असतंय" असं म्हणून पुन्हा उघडायला लावायचे. बॅटरी फवारणीच्या पंपाची घेतली. ती जड, आणि त्यांना जडच हवी होती, कारण टग पाण्यात खोल बसला पाहिजे. तरी बोट पुढून उचलल्यासारखी राहिली, तेव्हा मी अस्तराच्या कापडाच्या बोटभर पिशव्या शिवल्या, त्यांत वाळू भरली, प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या. त्या एकेक करून आत ठेवत तांडेल पाण्याची रेघ बघत बसायचे. घरात तेव्हा कुणी मोठ्यानं खोकलं तरी ते वर बघायचे.

हुकाचं तर युद्धच झालं. दोरी अडकवायचा हूक मी सरळ मागच्या टोकाला लावला. ओढायचंय तर मागेच असणार ना! तांडेल खवळले. "शेपूट धरल्यावर बैल वळल का? कावून मागं लावला?" त्यांनी तो काढून जवळपास मधोमध, मोटरीच्या थोडा मागे लावायला सांगितला. मागे बांधलेल्या दोरीला ताण आला की बोट सुकाणूला जुमानत नाही, मध्ये बांधलं की वळते. फायबरला नवी भोकं पडली म्हणून मला वाईट वाटलं, त्यांना नाही.

पहिली चाचणी त्यांनी पिण्याच्या पाण्याच्या हौदात घेतली, तीही टँकर येऊन गेल्यावर. उन्हाळ्यात शेततळंही आटलं होतं, दुसरीकडे एवढं पाणीच नव्हतं. बोट छान तरंगली, आणि पाण्यावर ग्रीसचा रंगीत तवंगही छान तरंगला. आत्याबाईंनी हौदात डोकावून पाहिलं. कळशी उचलून शेजारी पाणी मागायला गेल्या. त्यांच्या मागे कळशी घेऊन जाताना मी तांडेलांना पहिल्यांदा मान खाली घातलेलं पाहिलं.

पुढची चाचणी पावसानंतर भरलेल्या शेततळ्यात. नियम होता, आधी हातातला रिमोट चालू करायचा, मग बोट. बंद करताना उलटं. तेवढं मला जमलं. बोट लांब जात असताना वळवणंही जमलं. पण ती आपल्याकडे तोंड करून यायला लागली की माझा अंगठा हमखास चुकायचा. तिचं उजवं माझ्या डाव्या हाताला यायचं, मी घाबरून उलटं दाबायची आणि बोट भलतीकडेच निघायची. "बोटीत बसून बघ!" तांडेल काठावरून गरजायचे. मी मनातल्या मनात म्हणायची, एवढ्याशा बोटीत कुठे बसू?

दिवाळीनंतर आमचं गाव ओस पडतं. माणसं ऊसतोडीला जातात, राहतात ती म्हातारी आणि आमच्यासारखी दोन-चार घरं. अशाच एका वाऱ्याच्या दुपारी तांडेल बोट चालवत होते आणि ती मधोमध अडकली. तिथे पंपाचा पाइप तरंगत ठेवायला एक प्लास्टिकचा ड्रम आहे, त्याची लोंबती जुनी दोरी पंख्यात गेली. ओढून आणावी तर त्या दिवशी बोटीला दोरीच बांधलेली नव्हती. मी "राहू द्या, मामा" म्हणेपर्यंत त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला, कमरेला विळा खोचला आणि ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून हातांनी पाणी मारत निघाले. "रिमोटला हात लावू नको, बोटं जातील माझी," एवढंच ओरडले.

ड्रमपाशी पोचून त्यांनी दोरी कापली, बोट मोकळी करून पाण्यात सोडली. आणि विळा परत खोचताना त्याचं टोक ट्यूबला लागलं. फस्स असा आवाज मला काठावर ऐकू आला. ट्यूब त्यांच्याखालून गेलीच. त्यांनी ड्रमला मिठी मारली, पण ड्रम लहान, तो निम्मा खाली गेला. पोहून या, असं मी ओरडले. "पायात गोळा आलाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

माझ्या किंकाळीनं आत्याबाई बागेतून धावत आल्या. मी नवऱ्याला फोन केला, पण शिरूरहून तो येईपर्यंत काय होणार ते दिसत होतं. आत्याबाईंनी शेडमधला जाड दोर आणून जीव खाऊन फेकला. कमी पडला. वाऱ्यानं तो काठाकडे ढकलला. दुसऱ्यांदाही तेच. आम्ही दोघी एकमेकींकडे बघितलं आणि दोघींना बाबूराव आठवले, हे बोलायची गरज नव्हती.

"बोट आण!" तांडेल पाण्यातून ओरडले.

बोट त्यांच्याजवळ होती, दोरी आमच्याजवळ. म्हणजे बोट आधी माझ्याकडे यायला हवी, तोंड माझ्याकडे करून, जे मला कधीच जमलं नव्हतं. मी रेटा दिला. वाऱ्यानं ती कलली, मी दाबलं आणि ती उलटीच वळून लांबच्या काठाकडे निघाली. "उजवं! उजवं!" तांडेल ओरडत होते. मग मी तांडेल सांगायचे ते केलं. डोळे उघडे ठेवून बोटीत जाऊन बसले. तिथून मला उजव्या हाताला काळा उतार दिसला आणि उतारावर उभ्या दोन बाया. त्या बायांकडे जायचं होतं. मी उजवीकडे वळले. बोट वळली.

आत्याबाई गाठींचा दोर धरून त्या निसरड्या कागदावरून पाण्यापर्यंत उतरल्या. लुगडं भिजलं, पाय सरकत होते. या बोटीला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. बोटीसाठी आणलेली पिवळी बारीक दोरी त्या मागच्या टोकाला बांधायला लागल्या. "मधल्या हुकाला, आत्याबाई!" मी ओरडले. दोरीचं दुसरं टोक आम्ही जाड दोराला बांधलेलं होतं. बोट पुन्हा निघाली, मागे पिवळी दोरी पाण्यावर सोडत.

वारा दोरीला बाजूला नेत होता आणि दोरी बोटीला. तांडेलांची हनुवटी आता पाण्यात होती. "उजवं," ते म्हणाले, आणि तोंडात पाणी गेलं. माझा अंगठा थांबला. बोट आता त्यांच्याकडे तोंड करून होती. बोटीचं उजवं म्हणजे त्यांचं डावं. बुडणारा माणूस कुणाचं उजवं सांगेल? स्वतःचंच ना? चुकलं तर पुन्हा बोट आणायला वेळ नव्हता. मग मला गोठ्याची भिंत आठवली. भिंत पडली तरी जो माणूस बदलला नाही तो आता बदलणार नाही. मी बोटीचं उजवं दाबलं.

टग ड्रमच्या बाजूनं गेला, मी त्याला त्यांच्या पाठीमागून फिरवला आणि पिवळी दोरी त्यांच्या छातीला लागली. त्यांनी ती ओढत ओढत जाड दोर हातात घेतला, काखेखालून गुंडाळला. काठावरच्या लोखंडी खांबाला वेढा देऊन आम्ही ओढायला लागलो. "झटका दिऊ नका. सावकाश. दोर..." तांडेल पाण्यातूनही सुरू झाले.

"गप बसा!" आत्याबाई ओरडल्या. "सारी उमर ऐकलं तुमचं!"

ते गप बसले. आम्ही त्यांना पोटावर घसटत त्या कागदावरून वर घेतलं. बराच वेळ ते मातीत पालथे पडून होते. मी रडत होते. आत्याबाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसल्या होत्या आणि तो हात त्यांनी माझा नवरा गाडीवरून येईपर्यंत काढला नाही. तांडेल मला म्हणाले, "येताना सुकाणू उशिरा फिरवलंस." मी चिडून त्यांच्याकडे पाहिलं, तर म्हातारा रडत होता.

त्यानंतर रिमोट त्यांनी कधी हातात घेतला नाही. "तुझी हाय ती आता," म्हणाले. पुढच्या पावसाळ्यात तांडेल गेले. पाण्यानं नाही, छातीच्या दुखण्यानं, बीडच्या दवाखान्यात, आत्याबाईंच्या हातून दोन घोट चहा पिऊन. मला त्यांची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं. अजूनही कुणाशी भांडताना माझं उजवं खरं की त्याचं, या विचारानं मी मध्येच थांबते आणि भांडण हरते.

यंदा गाव रिकामं झाल्यावर आत्याबाईच म्हणाल्या, "ती बोट काढ. बघू चालतीय का." बॅटरी भरली, नळीत ग्रीस घातलं, वाळूच्या पिशव्या जागच्या जागी ठेवल्या. शेततळ्यावर त्यांनी रिमोट माझ्याकडून मागून घेतला. बोट जाताना ठीक गेली. फिरून आमच्याकडे यायला लागली तशी वेडीवाकडी व्हायला लागली. मी तोंड उघडलं.

"सांगू नको. बसलेय मी बोटीत," आत्याबाई म्हणाल्या.

बोट हळूहळू सरळ झाली. आत्याबाई तिच्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "तिथनं आपण दोघी अशा दिसलो असू त्येंला."

मी मधोमध तरंगणाऱ्या ड्रमकडे बघितलं.

"मंग लई भ्याले नसतील," त्या म्हणाल्या, आणि बोट सरळ त्यांच्या पायाशी, काळ्या कागदाला येऊन लागली.