विहिरीकडं बोट दाखवणारी पोर

सुनेनं बजावलंय की हे कुठं बोलायचं नाही. पण तुम्ही घरचीच माणसं, चहा निवायच्या आत सांगून टाकतो. मी एकदा भर दुपारी, माझ्या या दोन हातांनी, एक भूत उचलून घरी आणलं. निदान तासभर तरी मला तसंच वाटत होतं.

आमचं गाव रेणापूरच्या अलीकडं. आम्ही आखाड्यावर राहतो, म्हणजे शेतातल्या घरात. पोरगा लातूरला कामाला, सून सुनीता दुपारपर्यंत रानात. नात परी तीन वर्षांची. तिला अंगणवाडीतून आणायचं काम माझं.

अंगणवाडीच्या ताईचा एक नियम. लेकरू कोण नेणार त्याचं नाव वहीत लिहिलेलं पाहिजे आणि नेताना त्यानं सही केली पाहिजे. सख्खी आई असली तरी. मला हे पटायचं नाही. आपल्याच नातीची पावती काय फाडायची?

त्यात त्या आठवड्यात माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला. डोळ्यावर हिरवी पट्टी. उजव्यानं दिसायचं, पण सगळं दुधात बुडवल्यासारखं. आदल्या दिवशी मी सही केली ती भलत्याच रकान्यात. मागं उभ्या बाया हसल्या. एक म्हणाली, "आबा, आज कुनाचं लेकरू नेताव?"

ते हसणं मनात राहिलं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी लवकर गेलो. ताई आत तान्ह्या लेकराचं वजन करत होती, तिची पाठ माझ्याकडं. मदतनीस बाई मागं खिचडीचं पातेलं घासत होती. लेकरं सतरंजीवर झोपलेली, माशा बसू नयेत म्हणून तोंडावर ओढण्या. परीचं नवसाचं जावळ चारच दिवसांपूर्वी देवीच्या दारात काढलेलं. कडेला ते हळद लावलेलं गुळगुळीत डोकं दिसलं. वहीला बगल दिली, लेकरू खांद्यावर टाकलं, वर उपरणं घातलं आणि निघालो.

आता आमची वाट कशी, तर गाव सुटलं की चिंच, चिंचेखाली जुनी विहीर, आणि पलीकडं आखाडा. त्या विहिरीत आसरा आहेत. आसरा म्हणजे पाण्यातल्या बाया, लेकरांवर जीव टाकणाऱ्या. दुपारी बाराला तिथून लेकरू न्यायचं तर त्याला नावानं हाक मारायची नाही आणि मागं वळून बघायचं नाही. माझ्या आजानं मला तसंच नेलं, मी माझ्या पोराला तसंच नेलं.

चिंचेपाशी आलो आणि वारा थांबला. पाखरू नाही, माणूस नाही. सोयाबीन निघालेलं, रान उघडं. खांद्यावरचं लेकरू एकाएकी जड झालं. रोजची परी एवढी जड नव्हती. ते जागं झालं होतं. पण रोजच्यासारखं "आबा" म्हणालं नाही. मान ताठ करून माझ्या कानाशी नुसतं श्वास घेत होतं.

नाव घ्यायचं नव्हतं, म्हणून मी नुसतं म्हणालो, "झोप झाली का माय?"

उपरण्यातून एक हात बाहेर आला आणि विहिरीकडं बोट झालं.

"माजं घर तिकडं हाय," ती म्हणाली. "पान्यापाशी."

आवाज परीचा नव्हता. घोगरा, संथ, मोठ्या बाईसारखा.

"मला सोड," ती म्हणाली. "माय वाट बघायलीय."

मी सोडलं नाही. तुम्ही असतात तर सोडलं असतं? पाण्यातल्या बाया माझी नात परत मागतायत, असं माझ्या मनानं घेतलं. तिला छातीशी घट्ट धरलं आणि या वयात पळत सुटलो. ती ओरडली नाही, रडली नाही. विहीर मागं पडेपर्यंत तिचं बोट तसंच तिकडं होतं.

घरी आलो तर काळ्या कुत्रा, जो परीची खरकटी बोटं चाटतो, तो अंगावरचे केस फुलवून गुरगुरला. लेकरू खाटेवर ठेवलं. ते माझ्याकडं असं बघत होतं की जन्मात मला कधी पाहिलं नाही.

घरात दुसरं कोणी नव्हतं. मीच मीठ, मोहरी, मिरच्या घेतल्या, तिच्यावरून सात वेळा ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. मिरचीचा ठसका आला की समजावं, दृष्ट साधी आहे. ठसका आलाच नाही. नाक चुलीत घालून बसलो, तरी शिंक नाही. म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलेलं. मी तिचे पाय धरले. तिच्याच पायांवर डोकं ठेवून म्हणालो, "बाई, तू कोन असशील ती अस. पन माजी नात दे."

ती म्हणाली, "शेंगदाने हायत का?"

मी मूठभर शेंगदाणे आणि गूळ तिच्यापुढं ठेवला आणि हात जोडून बसलो. तेवढ्यात दारात सावली पडली. बघतो तर सुनीता. आणि तिच्या कडेवर परी.

एक खाटेवर, एक दारात. दोन्ही डोकी पिवळी, दोन्ही अंगावर अंगणवाडीचा तोच निळा झगा.

सुनीता म्हणाली, "मामा, हे कुनाचं लेकरू आनलंव?"

"सुनीता, तू त्यातली कोनती आनलीस?"

"आपली. रानातून येताना अंगनवाडीत गेलेव, तितं झोपली होती, सही करून आनली. अन् चुलीत गवारीच्या वाळक्या शेंगा काय म्हून जाळायलाव?"

परीचं जावळ निघालं त्याच दिवशी, त्याच देवीच्या दारात, तलावाकाठच्या वीटभट्टीवरच्या एका पोरीचंही जावळ निघालं होतं. तिचं घर खरंच पाण्याजवळ होतं. विहिरीच्या पलीकडं, सरळ बोटाच्या रेषेत.

आम्ही पळत परत गेलो. अंगणवाडीच्या पायरीवर त्या पोरीची माय बसली होती. रडत नव्हती, आणि तेच बघवत नव्हतं. पोरीनं हात पसरले तेव्हा तिनं तिला पोटाशी ओढलं आणि मला एवढंच म्हणाली, "आबा, मी हिरीत वाकून बघून आलेव."

ते वाक्य मी अजून उशाशी घेऊन झोपतो.

नेमक्या त्याच दिवशी तपासणीच्या मॅडम आलेल्या. मी म्हणालो, "मॅडम, सगळी चूक माजी हाय. ताईला ठावं बी नव्हतं."

ताई मधेच म्हणाली, "ठावं नव्हतं, हीच चूक. लेकरू माज्या ताब्यात होतं. माजी पाठ होती."

मॅडम म्हणाल्या, "लेकरू इथं आहे तोवर कायद्यानं त्याची जबाबदारी तुमची. आजोबा असोत की देव असो, वहीशिवाय द्यायचं नाही." आणि त्यांनी ताईच्या नावावर लाल शाईत शेरा लिहिला. तो वर गेला की ताईचं काम जाणार. दहा वर्षं तिनं गावची लेकरं सांभाळली, आणि मी सहीच्या लाजेपायी तिचं पान खराब केलं.

मॅडम आणखी एक सांगून गेल्या. लेकरू न्यायला येणाऱ्या माणसांचे फोटो भिंतीवर लावायचे.

ताई म्हणाली, "आबा, तुमचाबी आना."

"अजून माज्यावर भरवसा हाय?"

"न्हाई. म्हून तर फोटो पायजे."

माझ्याकडं फोटो एकच. आपण गेल्यावर पोराची धावपळ नको, म्हणून मीच लातुरातून मोठा करून, चौकटीत बसवून आणलेला. बाकीच्यांचे बोटभर, माझा हातभर. मोठा खिळा मधोमध होता, तिथं तो लागला. पुढं शुक्रवारच्या पूजेतली झेंडूची माळ उरली, ती मदतनीस बाईनं सवयीनं माझ्या फोटोला घातली.

महिन्यानं मॅडम पुन्हा आल्या. मी परीला न्यायला दाराशी पोचलो होतो. आत बघतो तर मॅडमनी चपला काढलेल्या आणि त्या माझ्या फोटोपुढं मान खाली घालून उभ्या.

"त्या दिवशी मी जास्तच बोलले," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसानं मनाला लावून घेतलं. ताई, तो शेरा अजून वर पाठवला नाही. खोडूनच टाकते. गेलेल्या माणसाचं नाव कशाला त्यात."

त्यांनी पेन काढलं. आता सांगा, मी काय करावं? एक खोकला काढला असता तर ताईचं काम गेलं असतं. मी दोन पावलं मागं सरलो, दाराआड झालो आणि श्वास रोखला. जिवंत राहून मी ताईचं वाटोळं केलं होतं, मरून निदान भलं तरी होत होतं.

ताईनं मला बघितलं. ती म्हणाली, "मॅडम, आबा जित्ते हायत. दारामागं हुबे हायत."

मॅडम वळल्या. दाराच्या फटीतून माझी पांढरी दाढी आणि एक डोळा त्यांना दिसला. किंकाळीसरशी हातातलं पेन उडालं, ते दुसऱ्या दिवशी खिचडीच्या डब्यात सापडलं.

पाणी पिऊन त्या भानावर आल्या. ताईला म्हणाल्या, "गप्प राहिला असतात तर शेरा गेला असता."

"हाव, मॅडम."

मॅडमनी ताईचंच पेन मागितलं, शेरा खोडला आणि त्याखाली दुसरा लिहिला, या वेळी माझ्या नावावर. सुनीतानं तो मला वाचून दाखवला. परीच्या आजोबांनी दर महिन्याला हयातीचा दाखला दाखवल्याशिवाय बालक त्यांच्या ताब्यात देऊ नये.

तेव्हापासून दर महिन्याला मी ग्रामपंचायतीत जाऊन उभा राहतो. ग्रामसेवक विचारतात, "आबा, म्हातारपणाच्या पगारीसाठी का?"

मी म्हणतो, "न्हाई साहेब. नातीला घरी आनायचंय."