दोन लिटर प्राणवायू

मी नंदुरबारच्या एका शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. ‘प्राणवायूमुळे सजीव जिवंत राहतात’ हे वाक्य फळ्यावर इतक्यांदा लिहिलंय की डोळे मिटूनही सरळ ओळीत लिहीन. गेल्या हिवाळ्यापासून मात्र ते लिहिताना हात मध्येच थांबतो. मुलांना वाटतं बाई पुढचं विसरल्या. तसं वाटलेलं बरं, कारण खरं काय ते मलाच नीट सांगता येत नाही.

घरात आम्ही तिघंच: आई, मी आणि आप्पा, म्हणजे माझे वडील. आप्पांनी चाळीस वर्षं मिरचीच्या पथारीवर काढली. पथारी म्हणजे गावाबाहेरची मोकळी जमीन, तिच्यावर ओली लाल मिरची पसरून उन्हात सुकवतात. आप्पांचं काम प्रतवारीचं. मिरचीचं देठ मोडून, नाकाशी धरून ते सांगायचे, ही रनाळे गावची, ही पलीकडच्या गावची. कधी चुकलेच तर शेतकऱ्यालाच स्वतःचं शेत कळत नाही असं ठणकावायचे. हा गुण मी त्यांच्याकडून जसाच्या तसा उचललाय, असं आईचं म्हणणं आहे.

मिरचीच्या हंगामात आमच्याकडे सगळं गाव खोकतं. त्याला आम्ही ठसका म्हणतो, आजार म्हणत नाही. लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या प्रार्थनेत, बँकेच्या रांगेत सगळे ठसकत असतात आणि कुणी कुणाकडे बघतसुद्धा नाही. त्यामुळे आप्पांचा ठसका हंगाम संपल्यावरही चालू राहिला, पुढे बारा महिने राहिला, तरी आम्ही त्याला ठसकाच म्हणत राहिलो. जिना चढताना दम लागायला लागला तेव्हा वय म्हणालो. आणि घरात विज्ञानाची बाई! माझा मलाच संताप येतो.

शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा फुप्फुसं बरीच खराब झालेली होती. घरी प्राणवायूचं यंत्र आलं. लहान कपाटाएवढं, चाकांवरचं, सारखं घुरघुरणारं. पुढच्या बाजूला काचेची उभी नळी, तिच्यात तरंगणारी एक गोळी आणि खाली एक बटण. बटण फिरवलं की गोळी वर चढते. डॉक्टरांनी सांगितलं, गोळी दोनवर ठेवा, म्हणजे मिनिटाला दोन लिटर, विचारल्याशिवाय वाढवू नका. मी मान डोलावली. का वाढवायचं नाही, हे विचारलं नाही. मला वाटलं यंत्रावर ताण येत असेल, विजेचं काही असेल. प्राणवायू जास्त झाला म्हणून कुणाचं बिघडेल, हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

नाकाला नळी लागल्यावर आप्पांना वेळच वेळ मिळाला, आणि त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. पहिला प्रश्न, यात हवा भरायला कोण येतं? मी सांगितलं, कुणी नाही, हे खोलीतलीच हवा ओढून घेतं, तिच्यातला नायट्रोजन बाजूला काढतं आणि उरलेलं तुम्हाला देतं. म्हणजे आपलीच हवा चाळून आपल्याला, असं म्हणून ते बराच वेळ यंत्राकडे संशयाने बघत बसले. मग रोजचंच झालं. मी शाळेतून आले की त्यांचा एक प्रश्न तयार. हा वायू आला कुठून? पहिल्यापासून होता का?

मला पुस्तकं काढावी लागली. शिकवण्यापुरतं येतं आणि खरंच येतं यातला फरक तेव्हा कळला. मी वाचत गेले आणि गोंधळत गेले. पृथ्वीवर सुरुवातीला मोकळा प्राणवायू जवळजवळ नव्हताच. जीव मात्र होते, आणि त्यांना त्याच्यावाचून काही अडत नव्हतं. मग समुद्रात डोळ्यांना न दिसणारे काही जीव असे आले की ते सूर्यप्रकाशावर जगायचे आणि हा वायू टाकाऊ म्हणून बाहेर सोडायचे. आधी समुद्राच्या पाण्यातलं लोखंड गंजून तळाला बसलं. पुढे वायू हवेत साठला, आणि ज्यांना त्याची सवय नव्हती असे कितीतरी जीव मेले असावेत. जे उरले ते चिखलात, खोल पाण्यात, हवा पोचत नाही अशा जागी लपले. आपण सवय झालेल्यांचे वंशज.

हे ऐकून आप्पा म्हणाले, “म्हंजे पहिले ते जहरच व्हतं?”

मी हो म्हणाले, पण लगेच ‘तसं नाही’ असंही म्हणाले. पुढे सांगितलं की हा वायू मुळात ताऱ्यांच्या पोटात तयार होतो, आणि आपल्या पायाखालच्या दगडातही तोच ठासून भरलाय. आप्पांनी विचारलं, सातपुड्याचा दगड त्यानेच भरलाय तर मग सातपुडा चढताना दम का लागतो? मी चिडून म्हटलं, दगड कुणी नाकात घालत नाही. दोघंही हसलो आणि त्यांना ठसका लागला.

पथारीचे दोन नियम आमच्या घरात लहानपणापासून पाठ आहेत. पहिला: ठसका लागला की वाऱ्याकडे तोंड करायचं आणि मिळेल तेवढी हवा घ्यायची. दुसरा मिरचीचा, तो आप्पांच्या तोंडून हजारदा ऐकलाय: “ओली शे तोवर हवा दे, सुकनी का झाकी टाक.” ओल्या मिरचीला हवा मिळाली नाही तर ती काळी पडून सडते, आणि सुकलेलीला मिळत राहिली तर तिचा रंग उडतो. मिरची तीच, हवा तीच. मी हे वर्गात कधी उदाहरण म्हणून वापरलं नाही. आपल्या घरातलं विज्ञान आपल्याला विज्ञान वाटत नाही.

तो शनिवार होता, सकाळची शाळा. दुपारी घरी आले तर वारा पथारीकडून सुटलेला, गल्लीत सगळे नाकाला रुमाल लावून. आप्पा खाटेवर पुढे वाकून बसलेले, खांदे वर-खाली होतायत. रक्तातला प्राणवायू मोजायच्या, बोटाला लावायच्या मापकात आकडा चौऱ्याऐंशी. आई त्यांची पाठ चोळत होती. मी पर्स टाकली, हातसुद्धा धुतले नाहीत, थेट यंत्रापाशी गेले आणि बटण फिरवलं. मनात पथारीचा पहिला नियम होता, दुसरं काही नव्हतं. गोळी पाचला जाऊन टेकली.

आप्पांनी हात हलवला. एकेक शब्द सुटा करत म्हणाले, “कमी कर, पोरी. मी सुकेल मिरची शे.”

मला राग आला. मी म्हटलं, आप्पा, माणूस मिरची नसतो, गप्प पडा. ते गप्प पडले.

आणि त्यांना बरं वाटलं, हेच तर अजून समजत नाही. आकडा चढत चढत सत्त्याण्णववर गेला. ओठ गुलाबी झाले. खांद्यांची हालचाल थांबली, श्वास हळू झाला आणि त्यांना झोप लागली. कित्येक दिवसांनी ते असे शांत झोपले म्हणून आईने देवापुढे हात जोडले. मला स्वतःचा अभिमान वाटला, हे लिहायला लाज वाटते पण वाटला होता. मी जेवले आणि वह्या तपासत बसले.

चहाच्या वेळी आई त्यांना उठवायला गेली तर ते उठेनात. हलवलं तेव्हा डोळे अर्धवट उघडले, काहीतरी असंबद्ध पुटपुटले, आईलाच ‘ही कोण’ म्हणाले. हात पुढे धरले की पंजे फडफडत होते. मापकातला आकडा अजून सत्त्याण्णव. मी त्या आकड्याकडे बघायची, मग आप्पांकडे, आणि दोन्हींचा मेळ लागत नव्हता. शेजाऱ्यांनी त्यांना रिक्षात घातलं. दवाखान्यापर्यंत मी त्यांच्या कानात ‘आप्पा, आप्पा’ म्हणत राहिले. हे माझ्यामुळे झालं असं तेव्हा वाटलं नाही, कारण मी तर त्यांना प्राणवायूच दिला होता.

घट्ट मास्क लावून, यंत्राने श्वास देऊन दुसऱ्या दिवशी ते शुद्धीवर आले. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, “मशीन कोणी वाढवलं?”

माझं तोंड उघडायच्या आत आप्पा मास्कच्या आतून बोलले, “मीच करं.”

डॉक्टर त्यांना रागावले. मग समजावलं, की अशा फुप्फुसांच्या माणसाचं शरीर थोडक्यात भागवायला शिकलेलं असतं. एकदम जास्त प्राणवायू मिळाला की त्याची सगळी घडी विस्कटते, कार्बन डायऑक्साइड रक्तात साठत जातो आणि माणूस गुंगीत जातो. बोटावरचा मापक ते दाखवत नाही. सगळे आप्पांकडे बघत होते, मीसुद्धा.

आठवड्याने घरी आणलं. आल्या आल्या त्यांनी आईकडे ओलं फडकं मागितलं आणि यंत्राचं बटण पुसून काढलं. धूळ बसली होती म्हणाले. गोळी दोनवर आणून ठेवली.

त्यानंतर दोन महिने मी कोड्यात होते. त्या गुंगीत त्यांना खरंच तसं वाटलं असेल का, की बटण आपणच फिरवलं? की त्यांनी मला वाचवलं? विचारायची हिंमत होईना. शाळेत प्राणवायूचा धडा आला. एका मुलीने विचारलं, बाई, प्राणवायू जास्त झाला तर आपण जास्त जगू का? मी म्हटलं, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशीही सांगितलं नाही.

शेवटी एका दुपारी, आई देवळात गेलेली असताना, मी खाटेशेजारी बसले आणि बोलून टाकलं. आप्पा, बटण मी फिरवलं होतं.

ते म्हणाले, “माले माहीत शे. बटनले खडू लागेल व्हता. मी पुसी टाका.”

मी माझ्या बोटांकडे पाहिलं. त्या शनिवारी फळ्यावर लिहून तशाच हातांनी सरळ घरी आले होते. मला रडू फुटलं, आणि रडता रडताच मी त्यांच्यावर ओरडले, की तुम्हाला कळत होतं तर पुन्हा का नाही सांगितलं, हात का नाही धरला माझा?

त्यांनी नाकातली नळी नीट केली.

“एकदाव बोलनू ना. तू ऐकं नही. मंग माले वाटनं, मास्तरीन शे, तिले आपलापेक्षा जास्ती समजत व्हई.”