कोरड्या घशाची जत्रा

मला चौकशीची खोड लहानपणापासूनची. कोणी दोन पिशव्या घेऊन जाताना दिसलं, तरी एकीत काय आणि दुसरीत काय हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमच्या सरबताच्या धंद्याचा पहिला दिवस या खोडीनेच तारला, असं मी अजूनही सांगते. आमचे हे ऐकून नुसते हसतात.

त्या उन्हाळ्यात ह्यांना पुण्याला वॉचमनची नोकरी चालून आली होती. ह्यांनी जाऊ नये असं मला फार वाटत होतं, आणि तसं मी तोंडावर सांगितलंही. मग असं ठरलं, की सासरजवळच्या उंद्रीच्या अलीकडच्या एका गावात चैत्रात जत्रा भरते, तिथे लिंबू सरबताची गाडी लावून बघायची. चाललं तर पुढच्याही जत्रा करायच्या. नाही चाललं, तर सोमवारी ह्यांनी पुण्याची एसटी धरायची.

देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अगदी तोंडाशी, मी हट्टाने जागा पकडली. येणारा प्रत्येक माणूस आमच्या समोरूनच जाणार, अजून काय पाहिजे! ओलं लाल फडकं गुंडाळलेला माठ, भुशातली बर्फाची लादी, फुगलेला सब्जा, लिंबांचा ढीग. ऊन तर चपलेतून चटका लागेल असं.

पण कोणी थांबेना. माणसं यायची, माठाकडे बघायची, आवंढा गिळायची आणि पुढे जायची. लेकरं रडून-भेकून एखादा ग्लास मिळवायची, आईबाप मात्र शेजारी कोरडेच उभे. मला याचं मोठं नवल वाटलं. सरबत कडू झालं की काय म्हणून मी स्वतः चाखलं. चांगलं होतं. तरी खात्रीसाठी ह्यांच्यापुढे ग्लास धरला.

"मले नको," हे म्हणाले.

माझं डोकंच सणकलं. "मालकच पेत नाही, तं लोक काऊन पेतीन?"

हे बर्फावरचं गोणपाट नीट करत बसले. पुण्याचं ह्यांच्या मनाने घेतलंय, असं मला वाटलं.

तेवढ्यात डोक्यावर झाकलेली टोपली घेतलेली एक बाई गाडीपुढे थबकली. ग्लासातल्या सब्जाकडे टक लावून पाहिलं, ओठांवरून जीभ फिरवली आणि चालू लागली. आता मात्र मला राहवेना. गाडी ह्यांच्यावर सोडून मी तिच्या मागे निघाले आणि थेट दर्शनाच्या रांगेत तिला गाठलं.

"मावशी, तहान लागली ना तुमाले? मंग सरबत काऊन नाही पेलं?"

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "अवं बाई, नवसाची हावो मी. देवाले रोडग्याचा निवद दाखवल्याबिगर घोट तरी घेता येते का? तुह्या गावाले नाही का असं?"

नाही ना! माझं माहेर खामगावचं. आमच्याकडे जत्रा म्हणजे बांगड्या आणि आकाशपाळणा. लग्नानंतरही या जत्रेला मी कधी आले नव्हते.

दर्शन घेऊन ती मागच्या दाराने बाहेर पडली, तिच्यामागे मीही. बघते तर काय, झाडांखाली घरंच्या घरं जेवायला बसलेली. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे जाड रोडगे आणि वांग्याची झणझणीत भाजी. जो तो नाक पुसतोय, आणि पाण्याचा टँकर पार त्या टोकाला!

मी धावतच परत आले. "गाडी काढा! देवळाच्या मांगं चला!"

ढकलता ढकलता ह्यांना सगळं सांगितलं. हे मधेच थांबले. "हे तं मले माहीतच हाये. मी बी सकाळपासून पानी नाही पेलो. दर्शन व्हाचं हाये ना माह्यं."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तू इचारलं कुठं? अन् लोक बी त्याच्यापायीच पेऊन नाही राह्यले, हे माह्या ध्यानातच नाही आलं!"

मी पोट धरून हसले. मग हसू आपोआपच थांबलं. दिवसभर घसा कोरडा ठेवून हा माणूस देवाकडे काय मागणार होता?

देवळामागे आम्हाला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. ऊन उतरल्यावर हे म्हणाले, "येतो दर्शन करून." मी लिंबं पिळत होते, पण डोळे देवळाच्या दाराकडे. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू?

हे आले आणि हात पुढे केला. मी ग्लास दिला. एका दमात रिकामा केला, मग दुसरा.

"काय मांगतलं?"

"सांगू नाही म्हन्तेत."

"सांगा."

ह्यांनी बाहीने तोंड पुसलं. "घरून निंघालो तवा पुण्याचंच मांगाचं होतं. देवापुढं उभा राह्यलो, अन् तोंडातून निंघालं, देवा, बर्फ पुरू दे."